ढगाचे माप आणि व्यापाऱ्याचा हिशेब
उपग्रह ढगाची उंची, जाडी आणि थेंब कसे मोजतो? मैंदर्गी भागातील दुकानदार व कारागिरांना त्याचा फायदा काय?

१३ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचे एक क्षेत्र आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले. तेथून ते तेलंगणामार्गे पश्चिमेकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, सोलापूर जिल्ह्यावर मुसळधार पाऊस झाला. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीला पूर आला, काठच्या गावांत पाणी शिरले, उभी पिके गेली. त्याच महिन्यात तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तालुक्यात पाहणीसाठी आले होते.

काकीनाडा ते सोलापूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे. म्हणजे ढगांचा तो लोंढा किनाऱ्यावर आला तेव्हा आपल्या भागाच्या हातात जवळजवळ एक दिवस होता. उपग्रहाच्या चित्रांत तो समुद्रात असल्यापासूनच दिसत होता. एका दिवसात नदीचा पूर थांबवता येत नाही, हे खरे. पण तळघरातील माल वर घेता येतो, तुरीची पोती फळ्यांवर चढवता येतात, मालाने भरलेला टेम्पो नदीपलीकडे न पाठवता थांबवता येतो. ज्याला ढगाचे चित्र वाचता येते त्याच्यासाठी तो एक दिवस लाखमोलाचा असतो. ज्याला येत नाही त्याच्यासाठी तो वाया जातो.

म्हणून आज भाव, उधारी आणि कर्ज हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून ढगाच्या मोजमापाची माहिती घेऊ. विषय शास्त्राचा आहे, पण त्याचा हिशेब आपल्या गल्ल्यापर्यंत येऊन पोहोचतो. मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट हा पट्टा कर्नाटकच्या सीमेला लागून आहे. घाटमाथ्यावर कोसळणारा मोसमी पाऊस येथे पोहोचेपर्यंत बराचसा संपलेला असतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आभाळ आठ-आठ दिवस भरलेले राहते आणि थेंब पडत नाही, हा अनुभव येथे सर्वांचा आहे. आभाळात ढग आहे एवढे कळून भागत नाही. तो कोणता ढग आहे हे कळले पाहिजे.

उपग्रह कोठे आहेत?

हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह टायरॉस-१ अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी सोडला. आपल्या देशाला स्वतःच्या उपग्रहातून ढगांची नियमित चित्रे मिळू लागली ती ऑगस्ट १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी पासून. दूरदर्शनच्या बातम्यांच्या शेवटी दिसणारे ढगांचे काळे-पांढरे चित्र अनेकांना आठवत असेल, ते याच मालिकेचे.

पुढे जुलै २०१३ मध्ये इन्सॅट-३डी, ८ सप्टेंबर २०१६ रोजी इन्सॅट-३डीआर आणि १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस सोडण्यात आले. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. पृथ्वी जितक्या वेगाने स्वतःभोवती फिरते तितक्याच वेगाने तेही फिरतात. त्यामुळे ते आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखे असतात आणि त्यांची नजर भारतावरून हटत नाही. प्रत्येक उपग्रह साधारण अर्ध्या तासाला एक पूर्ण चित्र देतो. दोन उपग्रहांच्या वेळा आलटून-पालटून ठेवल्या की दर पाव तासाला नवे चित्र मिळते.

या उपग्रहांच्या कॅमेऱ्याला सहा प्रकारचे ‘डोळे’ आहेत. एक डोळा आपल्यासारखा साधा उजेड पाहतो. बाकीचे डोळे माणसाला न दिसणारे अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, वेगवेगळ्या लांबीच्या लहरींत पाहतात. ढगाचे सारे मोजमाप या सहा डोळ्यांच्या नोंदी एकमेकांशी ताडून काढले जाते. रोजमेळ आणि खातेवही ताडून पाहिल्याशिवाय हिशेब पक्का होत नाही, तसेच हे आहे.

पहिले माप : ढगाची उंची

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे उष्णतेचे किरण बाहेर टाकते. तापलेल्या तव्याजवळ हात नेला की हे कळते. ढगही किरण टाकतो. उपग्रह ते मोजून ढगाच्या माथ्याचे तापमान सांगतो. सूर्याच्या उजेडाची गरज नसल्याने हे काम रात्रीही चालते.

आता आपल्याला माहीत आहे की वर जावे तशी हवा थंड होते. सरासरीने दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सियस तापमान उतरते. जमिनीवर ३० अंश आहे आणि ढगाचा माथा १० अंशांचा आहे असे धरा. फरक वीस अंशांचा, म्हणजे माथा साधारण तीन किलोमीटरवर. दुसऱ्या ढगाचा माथा शून्याखाली ३८ अंश असेल तर फरक ६८ अंशांचा, म्हणजे माथा साडेदहा किलोमीटरवर. पहिला ढग बुटका, दुसरा गडगडाटी वादळाचा मनोरा. शास्त्रज्ञ येथे सरसकट साडेसहाचा आकडा न धरता त्या दिवशीचे हवेचे प्रत्यक्ष तापमान वापरतात. पण हिशेबाची रीत हीच.

टीव्हीवर किंवा मोबाइलवर रंगीत चित्रात लाल, जांभळे ठिपके दिसतात. ते पावसाचे ठिपके आहेत असा समज सर्वत्र आहे. तसे नाही. अशा चित्रात रंग हा माथ्याच्या थंडपणाचा असतो. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच ढगात पावसाची शक्यता अधिक, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे माप : ढगाची जाडी

कापडाचा व्यापारी ताग्याचा पोत पाहायचा असेल तर कापड उजेडासमोर धरतो. मलमलीतून उजेड आरपार येतो, सोलापुरी चादरीतून येत नाही. ढगाची जाडी मोजण्याची रीत हीच आहे, फक्त उपग्रह वरून पाहतो. पातळ ढगातून सूर्याचा बराचसा प्रकाश खाली निघून जातो, त्यामुळे तो वरून फिकट दिसतो. दाट ढग प्रकाश परत फेकतो, त्यामुळे वरून पांढराशुभ्र दिसतो. खालून मात्र तोच ढग आपल्याला काळा दिसतो, कारण उजेड आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. काळा ढग काळा नसतो, तो जाड असतो.

ढगावर येणाऱ्या आणि परत फिरणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण मोजून जाडीचा एक आकडा काढला जातो. हे माप फक्त दिवसा घेता येते. रात्री उजेडच नसतो.

तिसरे माप : थेंबाचा आकार

सर्वांत हिकमतीचे माप हे आहे. किराणा दुकानात पिठीसाखर आणि खडीसाखर शेजारी ठेवा. माल एकच, पण पिठीसाखर अधिक पांढरी दिसते. कण बारीक असले की प्रकाश अधिक प्रमाणात परत येतो. ढगाचेही तसेच. उजेडाच्या डोळ्याने पाहिले तर चकाकी मुख्यतः जाडीवर ठरते. पण अवरक्त किरणांपैकी काही ठरावीक लहरी अशा आहेत की मोठे थेंब त्या अधिक शोषून घेतात. त्या डोळ्याने पाहिल्यास बारीक थेंबांचा ढग उजळ आणि मोठ्या थेंबांचा ढग मंद दिसतो. एक डोळा जाडी सांगतो, दुसरा थेंबाचा आकार. जपानचे नाकाजिमा आणि अमेरिकेचे किंग या शास्त्रज्ञांनी ही दोन डोळ्यांची रीत १९९० मध्ये व्यवस्थित मांडली. आज जगभर तिचाच आधार घेतला जातो.

थेंबाचा आकार एवढा महत्त्वाचा का? ढगातील साध्या थेंबाची त्रिज्या सुमारे दहा मायक्रॉन असते. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. पावसाच्या थेंबाची त्रिज्या साधारण एक मिलिमीटर धरली तर ढगाचे दहा लाख थेंब एकत्र येतील तेव्हा पावसाचा एक थेंब तयार होतो. बारीक थेंब हवेत तरंगत राहतात, एकमेकांना आदळत नाहीत. त्यांची सरासरी त्रिज्या १२ ते १४ मायक्रॉनच्या घरात गेली की ते एकमेकांत मिसळू लागतात आणि पाऊस सुरू होण्याची वेळ येते.

हवेत धूळ व धूर फार असला तर तेवढीच वाफ पुष्कळ कणांत वाटली जाते. वारस वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला जमीन थोडी येते, तसे प्रत्येक थेंबाला पाणी कमी येते. मग ढगाला पाऊस पाडण्यासाठी अधिक उंच वाढावे लागते. तेवढे बळ नसेल तर तो तसाच पुढे निघून जातो. भरलेले आभाळ कोरडे जाण्याचे हे एक मोठे कारण आहे.

ढगात पाणी असते किती?

जाडी आणि थेंब ही दोन मापे हातात आली की ढगात एकूण पाणी किती हे काढता येते. एका चांगल्या दाट ढगाचा जाडीचा आकडा ३० आणि थेंबाची त्रिज्या १० मायक्रॉन धरली, तर हिशेब येतो एका चौरस मीटरवर २०० ग्रॅम. म्हणजे पाव लिटरपेक्षा कमी! ते सारे एकदम खाली आले तरी पाव मिलिमीटर पाऊस होणार नाही.

मग पन्नास मिलिमीटर पाऊस पडतो कोठून? ढग ही भरून ठेवलेली टाकी नाही, तो चालता गिरणीपट्टा आहे. खालून ओली हवा सतत वर चढते, तिचे पाणी होते, पाणी पडते आणि नवी हवा येते. दुकानाची कमाई एका वेळी फळीवर असलेल्या मालावर ठरत नाही, माल किती वेळा फिरतो यावर ठरते. ढगाचेही तेच आहे. म्हणून एका चित्रावरून अंदाज न बांधता लागोपाठची चार-पाच चित्रे पाहावीत. माथा अधिकाधिक थंड होत असेल, पुंजका वाढत असेल, तर गिरणी जोरात आहे असे समजावे. माथा गरम होऊ लागला तर जोर ओसरतो आहे.

सोलापुरात झालेला प्रयोग

आपल्याच जिल्ह्यातील एक मोठे काम येथे सांगितले पाहिजे. पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ नावाचा ढगांच्या अभ्यासाचा कार्यक्रम चालवला. त्याच्या चौथ्या टप्प्यासाठी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरची निवड झाली, कारण पर्जन्यछायेतील ढगच त्यांना तपासायचे होते. सोलापुरात रडार बसवले, जमिनीवर यंत्रे लावली आणि विमाने थेट ढगांत नेली. उपग्रह लांबून जे सांगतो ते विमानाने जवळून तपासले. शेतमालाचा नमुना हातात घेऊन पाहावा तसे ढगातील थेंब मोजले गेले.

या प्रयोगात एकूण २७६ ढगांचा अभ्यास झाला. निवडक ढगांत विमानातून कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या. हे क्षार ओलावा ओढून घेतात, त्यामुळे मोठे थेंब लवकर तयार होतात. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढला, तर प्रयोगाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी वाढ सुमारे १८ टक्के निघाली. पाण्याचा खर्च लिटरला १८ पैसे पडला असे संस्थेने सांगितले.

व्यापाऱ्याने या आकड्याचा हिशेब करावा. लिटरला १८ पैसे म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला १,८०० रुपये. पण टँकरचे पाणी आपल्या हौदात पडते. ढगाचे पाणी रानात, माळावर, रस्त्यावर, सर्वत्र पडते. त्यातले हाताला किती लागते हे तलाव, बंधारे आणि विहिरींवर अवलंबून आहे. दुसरी गोष्ट, हा प्रयोग ढग निर्माण करत नाही. निरभ्र आभाळात फवारणी करून काही मिळत नाही. ढग किमान एक किलोमीटर जाडीचा हवा आणि त्यात पाणी हवे. महाराष्ट्रात २००३ आणि २०१५ च्या दुष्काळांतही कृत्रिम पावसाचे प्रयत्न झाले होते. विमान उडाले म्हणजे पाऊस आलाच, अशी समजूत तेव्हाही चुकीची होती आणि आजही आहे. योग्य ढग ओळखणे हेच खरे काम आहे, आणि त्यासाठीच उंची, जाडी व थेंब यांची मापे लागतात.

उपग्रह कोठे फसतो?

कोणत्याही मापात तूट असते. उपग्रहाच्या मापातील चार तुटी लक्षात ठेवाव्यात.

पहिली तूट पातळ उंच ढगांची. आभाळात पिंजलेल्या कापसासारखे ढग बर्फाच्या कणांचे असतात. त्यांचा माथा फार थंड, म्हणून उष्णतेच्या चित्रात ते जोरदार दिसतात. पण त्यांतून पाऊस पडत नाही.

दुसरी तूट पसरट माथ्याची. वादळी ढग वर जाऊन छत्रीसारखा पसरतो. पावसाळ्यात आपल्याकडे खालचा वारा पश्चिमेकडून येतो, पण पंधरा किलोमीटरवरचा वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराने वाहतो. त्यामुळे छत्री पश्चिमेला ताणली जाते आणि खरा पाऊस तिच्या पूर्वेच्या बाजूला असू शकतो.

तिसरी तूट तिरक्या नजरेची. उपग्रह विषुववृत्तावर, म्हणजे आपल्या दक्षिणेला आहे. मैंदर्गीवर बारा किलोमीटर उंच ढग असेल तर चित्रात त्याचा माथा चार-पाच किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो.

चौथी तूट बारकाव्याची. उष्णतेच्या चित्रातील एक ठिपका आपल्या भागात सुमारे चार किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. मैंदर्गी गाव आणि आसपासची शिवारे मिळून एका-दोन ठिपक्यांत बसतात. ‘तुमच्या दुकानावर चार वाजून दहा मिनिटांनी पाऊस’ असे कोणी सांगत असेल तर ते उपग्रहाचे माप नव्हे.

पावसाच्या आकड्याचेही असेच. एक जुनी रीत अशी आहे की माथा शून्याखाली ३८ अंशांपेक्षा थंड असेल तेथे ताशी तीन मिलिमीटर पाऊस धरायचा. मोठ्या प्रदेशाच्या महिन्याच्या बेरजेसाठी ती बरी चालते. एका गावाच्या एका दिवसासाठी ती चालत नाही. बुटक्या ढगांची रिमझिम तिला दिसतच नाही. म्हणून सूक्ष्मलहरींनी ढगाच्या आत पाहणारे उपग्रह आले. भारत व फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडला गेला आणि मार्च २०२३ मध्ये त्याचे काम संपवून तो समुद्रावर पाडण्यात आला. अमेरिका व जपानचा जीपीएम फेब्रुवारी २०१४ पासून पाऊस मोजत आहे. मे २०२४ मध्ये युरोप व जपानने सोडलेला अर्थकेअर रडार आणि लेसर किरणांनी ढग वरपासून खालपर्यंत चिरून पाहतो. हे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहतात, त्यामुळे आपल्या डोक्यावर कायम नसतात. म्हणून इन्सॅटची चित्रे आणि यांची मापे एकत्र करून आकडे काढतात.

आपण काय करावे?

भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ या मोबाइल ॲपवर माहिती फुकट मिळते. शेतीसाठी ‘मेघदूत’ आणि विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲप आहेत. ‘दामिनी’ पुण्याच्या याच संस्थेने तयार केले आहे. उघड्यावर काम करणारे गवंडी, पत्रे ठोकणारे, रंगारी, वीटभट्टीवाले यांनी ते अवश्य ठेवावे. माल बुडाला तर पुन्हा उभा करता येतो, माणूस गेला तर येत नाही.

चित्र पाहताना दोन चित्रे शेजारी ठेवण्याची सवय करावी, एक उजेडाचे आणि एक उष्णतेचे. त्याचा ढोबळ हिशेब असा :

उजेडात पांढरा, उष्णतेच्या चित्रात मंद : बुटका दाट ढग. सावली राहील, फार तर रिमझिम. धागा रंगवून वाळवणाऱ्याला उशीर होईल, पण धोका कमी.

उजेडात फिकट, उष्णतेच्या चित्रात ठळक : उंच पातळ ढग. ऊन मंद होईल, पाऊस नाही. वाळवण चालू ठेवायला हरकत नाही.

दोन्हींत ठळक आणि दर चित्रात वाढणारा : गडगडाटी ढग. आठवडी बाजारातील दुकान, पापडाचे वाळवण, उघड्यावरची तूर, मळणीचा माल ताबडतोब झाकावा.

दोन्हींत काही नाही, पण पूर्वेकडून मोठा पुंजका येत आहे : ऑक्टोबर २०२० आठवावा आणि खात्याचा इशारा वाचावा.

आणखी एक गोष्ट. आपल्या छपरावर स्वतःचे पर्जन्यमापक ठेवावे. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा कोणताही डबा चालतो. तो मोकळ्या जागी ठेवून सकाळी पट्टीने पाणी मोजावे आणि वहीत तारीखवार लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९३० लिटर पाणी पडते. ते गटारात सोडायचे की टाकीत घ्यायचे, हा ज्याच्या त्याच्या शहाणपणाचा प्रश्न आहे. विकतच्या टँकरचा भाव ठाऊक असलेल्याला त्याचे उत्तर वेगळे सांगायला नको. दोन-तीन पावसाळ्यांची अशी वही हातात असली की उपग्रहाचा आकडा आपल्या गावाला किती लागू पडतो हेही कळते.

तूर, कांदा, ज्वारी यांचा साठा करणारे अनेक जण ‘यंदा पाऊस असा होणार’ या ऐकीव बातमीवर पैसा गुंतवतात. ढगाचे चित्र काही तासांचे सांगते, हवामान खात्याचा अंदाज काही दिवसांचा, आणि मोसमाचा अंदाज संपूर्ण देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतले की तोटा ठरलेला. आजच्या चित्रावरून ताडपत्री टाकावी, तुरीचा सौदा करू नये.

आपल्या वडीलधाऱ्यांना वारा, मुंग्या आणि पक्षी यांवरून पावसाचा माग काढता येत असे. तो अनुभव टाकून देण्यासारखा नाही. पण त्यांच्याजवळ समुद्रावरचा ढग पाहण्याची सोय नव्हती. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे आणि तिला पैसा लागत नाही. घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना सोबत बसवून ही चित्रे वाचायला शिकावे. रोज रात्री गल्ला मोजल्यावर पाच मिनिटे आभाळाच्या हिशेबाला दिली, तर पुढच्या वेळी हाती येणारा एक दिवस वाया जाणार नाही.